बुजवलेली दोन भोकं

त्या घरात सरकणारी एकही वस्तू नाही. ओट्याखालचे खण काढून तिथे उघड्या फळ्या ठोकल्या आहेत, आणि पडदे दांडीवरच्या कड्यांत नसून खिळ्यांना बांधलेले आहेत. धाकटा मुलगा समुद्रात गेल्यानंतरच्या महिन्यात हे सारे म्हाताऱ्या बापाने स्वतःच्या हाताने केले. ते लेकीसाठी केले, असे शेजारी सांगत. लेकीचीही नऊ वर्षे तीच समजूत होती.

लेक आता पन्नाशीला टेकली आहे. गोदीत तिला दोरवाली म्हणतात. लांबच्या सफरींवर जाणाऱ्या शिडाच्या नौकांची दोरबांधणी हा तिचा आणि तिच्या आधी तिच्या बापाचा धंदा. मोठ्या शिडाच्या तळाशी आडवी दांडी असते. ती आत ओढणारा जाड दोर चार कप्प्यांतून फिरून खाली एका गाड्याला येतो, आणि तो गाडा नौकेच्या रुंदीभर टाकलेल्या रुळावर डावी-उजवीकडे सरकतो. गाड्याला हव्या त्या जागी धरून ठेवणारे दोन बारीक दोर असतात. त्यांची टोके दोन दातेरी जबड्यांत अडकवायची. जबड्यात दोर सरळ शिरला तर हत्तीलाही ओढून काढता येत नाही. तिरका शिरला तर एकच बाजू चावते, आणि एका दातावर भरवसा ठेवणे म्हणजे वाऱ्यावरची वरात.

धाकट्याच्या नौकेची बांधणी दोरवालीनेच केली होती. शीड एका बाजूकडून दुसरीकडे घेताना त्याने नियमाप्रमाणे गाडा मधोमध आणला होता. वाऱ्याचा झोत बसला, दोर जबड्यातून निसटला, गाडा रुळाच्या टोकापर्यंत धावला आणि त्याच्यासोबत फिरलेल्या दोरांच्या जुडग्याने धाकट्याला पाण्यात फेकले. पाणी थंड होते. चौकशीच्या अहवालातले वाक्य तिला तोंडपाठ आहे: ‘मूळ बसवणीतील दोष नाकारता येत नाही.’ दोष होताच, असे अहवाल म्हणत नाही. पण नव्हता, असेही म्हणत नाही. आणि त्या दोन नकारांच्या फटीत ती नऊ वर्षे राहिली.

त्या नौकेचा गाडा रिकाम्या धक्क्यावरही वाजतो, अशी गोदीत एक वदंता आहे. तिला काडीचा आधार नाही. आवाज फक्त दोरवालीला येई. लोखंडी फाटक सरकले, दुकानदाराने गल्ल्याचा खण ओढला, की आधी लांबलेली खरखर आणि मग टोकाला टक्. तेव्हापासून तिने एकही काम एकटीने पुरे केले नाही. प्रत्येक जबडा ती दुसऱ्या कारागिराकडून तपासून घेई. ‘दोरवालीला स्वतःच्या सावलीचीही पावती लागते,’ असे लोक म्हणत. ती ऐकून न ऐकल्यासारखे करी.

अशात ती नौकाच परत आली. चौकशीनंतर दूरच्या बंदरात विकलेली ही नौका एका दातांच्या डॉक्टराने घेतली होती. बायकोला घेऊन वर्षभर समुद्रात हिंडायचा त्याचा बेत होता, आणि दोरबांधणी नव्याने करून हवी होती. नाही म्हणायला दोरवालीची जीभ उचलली. पण पाय आधीच नौकेवर चढले होते. दोष आपल्या हातांचा होता की नव्हता, हे सांगू शकणारी जगात एवढीच एक वस्तू उरली होती.

डॉक्टर गप्प बसणाऱ्यातला नव्हता. जबडे, दात, पकड हे शब्द ऐकून तो खुशीत आला होता. रुळाशेजारच्या सागवानी फळीवर नाक टेकवून पाहता पाहता तो म्हणाला, “बाई, इथे कुणीतरी दाढ भरलीय. दोन. आणि भरणारा माझ्यापेक्षा बरा होता हो, सांधा दिसतसुद्धा नाही.”

दोरवालीने नखाने चाचपून पाहिले. मग पिशवीतून जुनी वही काढली. त्या दिवसाचे टिपण आकृतीसह होते: रुळाच्या टोकापासून जबडा एकवीस सेंटिमीटरवर, दोर सरळ. तिने दोनदा मोजले. बुजवलेली भोके बरोबर एकविसावर होती. जबडा तेहेतिसावर होता, सुकाणूच्या दिशेने सरकवलेला, आणि तिथे दोर तिरकाच पोचत होता.

दोष तिचा नव्हता. हे कळल्यावर हलके वाटेल, असे तिने नऊ वर्षे धरले होते. पण भोकांत लांबीचा लगदा भरलेला नव्हता, लाकडाच्या खुंट्या होत्या, आणि त्यांच्या रेषा फळीच्या रेषांशी रेषेला रेष जुळवल्या होत्या. त्या गोदीत असे करणारा माणूस एकच होता. तिने पटाशीने दोन्ही खुंट्या अलगद काढल्या आणि डॉक्टरला सांगितले, उद्या येते.

बाप खिडकीशी बसून सुतळीचा गुंता सोडवत होता. तिने त्याच्या तळहातावर खुंट्या ठेवल्या. ऐंशी वर्षांच्या त्या बोटांनी स्वतःचे काम ओळखले.

“त्याचा हात पोचत नव्हता सुकाणूवरून,” म्हातारा म्हणाला. “चारदा म्हणाला, बाबा, तेवढा इकडे घ्या ना. मी घेतला.”

“दोर तिरका येतो, ते दिसलं नाही तुम्हाला?”

“दिसलं. म्हटलं, दोन दिवसांनी कप्पी लावून सरळ करू. तो दुसऱ्याच दिवशी गेला.”

तिने विचारले, की अहवाल आला त्या दिवशी तरी तोंड का उघडले नाही. त्याने सुतळी खाली ठेवली. “तुला सगळं गाव समजावत होतं, पोरी, तुझी चूक नाही म्हणून. मला कोण सांगणार होतं तसं?”

तिला भयंकर काही बोलायचे होते, पण नजर उघड्या फळ्यांकडे गेली, मग खिळ्यांना बांधलेल्या पडद्यांकडे.

“हे माझ्यासाठी नव्हतं तर,” ती म्हणाली. “तुम्हालाही ऐकू यायचं.”

“अजून येतं.”

तिने क्षमा केली, असे म्हणायला पुरावा नाही. एवढे मात्र खरे, की दुसऱ्या दिवशी सकाळी ती बापाला हाताला धरून गोदीत घेऊन गेली. जबडा तिने एकविसावर आणला. तेहेतिसावरची भोके म्हाताऱ्याने बुजवली. रेषा जुळल्या. काम तपासायला तिने दुसऱ्या कारागिराला बोलावले नाही.

नौका सोपवण्याआधी गाड्याला तीनदा हिसका द्यायचा आणि कान देऊन ऐकायचे, हा म्हाताऱ्याचाच जुना पाठ होता. लेकीने दोर जबड्यात अडकवला आणि बापाला खूण केली. त्याने सारा भार टाकून गाडा ओढला. एकदा. दोनदा. तीनदा. गाडा तसूभरही हलला नाही.

“झालं की,” डॉक्टर म्हणाला.

ती दोघे मात्र रुळाच्या त्या रिकाम्या टोकाकडे पाहत उभी होती, कान टवकारून.