किरकोळ बदल

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये आम्ही तिघे प्रोग्रामर. सराव परीक्षांचे निकाल लावणारं आणि गुणांवरून बॅच ठरवणारं सॉफ्टवेअर आमचं. मी येण्याआधी सगळा कारभार ‘फायनल’, ‘नवीन फायनल’, ‘हेच फायनल’ अशा फोल्डरांवर चाले. मी भांडून गिट नावाचं सॉफ्टवेअर आणलं: प्रत्येक बदलाची नोंद राहणार, कोणी काय केलं ते दिसणार, हवं तेव्हा मागे जाता येणार. भूकंपात आमच्या घरातले सगळे कागद मातीत गेले. जुनं काही पुसायचं म्हटलं की मी अजून आधी त्याची प्रत काढून ठेवते.

नोंदींच्या बाबतीत मी खाष्ट सासू होते. कोणी नुसतं ‘किरकोळ बदल’ लिहिलं की चारचौघांत झापायचे.

एका दुपारी जळकोटकडचे एक शेतकरी आले. त्यांची मुलगी आमच्याच हॉस्टेलवर होती.

“मॅडम, काल पोरगी पयल्या बॅचमदी व्हती. आज यादीत नावच न्हाई. सकाळपासून बॅग भरून बसलीय, गावाकडं चला म्हनायलीय.”

माझ्या दोन सहकाऱ्यांपैकी एकाने घोळ घातला, हे मी गृहीतच धरलं. तोंडाचा पट्टा सुरू करायच्या तयारीनेच नोंदी उघडल्या.

उत्तरसूचीतलं रसायनशास्त्राचं एक चुकीचं उत्तर सहकाऱ्याने आदल्या दिवशीच सुधारलं होतं. मी मात्र त्याच फाइलची जुनी प्रत घेऊन मांडणी बदलत बसले होते. दोघांचे बदल एकमेकांवर आले की गिट थांबून विचारतं, कोणाचं ठेवू? आदल्या रात्री मी घाईत माझं ठेवलं. त्याची दुरुस्ती गेली, आणि सकाळची यादी चुकीच्या उत्तरावर लागली. खाली माझी नोंद: ‘किरकोळ बदल’.

कानशिलं तापली. शेजारचे दोघे खाली मान घालून हसत होते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

त्याची दुरुस्ती परत आणली, निकाल पुन्हा लावला. मुलीचं नाव पहिल्या बॅचमध्ये आलं, तळाकडून तिसरं. माझा जीव भांड्यात पडला.

वडिलांनी तिथूनच हॉस्टेलला फोन लावला. “बॅग सोड गं. नाव हाय तुजं. मशीन चुकलं व्हतं.”

मला राहवेना. “काका, मशीन नाही. मी चुकले.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग फोनमध्ये सावकाश सांगितलं, “मॅडम म्हनतेत, त्या चुकल्या. तू न्हाई.”

पलीकडून बारीक आवाज आला, “मग जेवायला जाऊ का?”

“जा, पळ,” ते म्हणाले. “मेस बंद व्हईल.”