पेरूच्या झाडावरची सीडी

हे मी आजवर कुणापाशीच बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या ताईला ओळखत नाही. ओळखत असतात तर गप्पच राहिलो असतो — हेही आधीच सांगून टाकतो.

ताई पारशिवनीला दिलेली. भाऊजी तिथे शाळेत मास्तर होते. कावीळ झाली, आणि बघता बघता गेले. मिनी तेव्हा दुडुदुडु चालायची. जाण्याच्या थोडं आधी त्यांनी एका मित्राचा कॅमेरा आणून घरातलं शूटिंग केलं होतं आणि नागपूरच्या एका दुकानातून त्याची सीडी करून घेतली होती. कॅमेऱ्यातली कॅसेट मित्राने नंतर दुसऱ्याच कामाला वापरली. म्हणजे उरली ती एवढी एकच. तिच्यावर भाऊजींनी स्वतःच्या हाताने मार्करने लिहिलं होतं — 'मिनी आणि आई'.

ताई ती घेऊन नागपूरला, महाल भागात, माझ्याकडे आली. सोबत तिचे सासरे. नात्यात कम्प्युटर फक्त माझ्या घरी. जुनाच, कुणाकडून तरी घेतलेला. पण त्याच्यामुळे मला मान होता. कुणाचंही काही अडलं की लोक म्हणायचे, सुधाकरले विचारा.

मी सीडी आत सरकवली. घरघर झाली, थांबली. पडद्यावर आलं — डिस्क टाका. पुसून पुन्हा टाकली. पुन्हा तेच. ताई पदर मुठीत धरून पडद्याकडे बघत होती. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. तसं म्हणायला काय लागतं? पण म्हणवलं नाही. मी म्हणालो, "रिकामी आहे. भाऊजींनी नीट भरून घेतलीच नाही."

सासरे हळूच म्हणाले, "त्याचं कोणतंच काम कधी पुरं नाही झालं."

ताईने सीडी परत पिशवीत घातली. दोष मी मेलेल्या माणसावर ढकलला होता — तो काय उत्तर देणार?

इथवर अज्ञान म्हणता येईल. इथेच संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

काही दिवसांनी आमच्या ऑफिसात नवा कम्प्युटर आला. त्याच्या तबकडी घालायच्या खणावर अक्षरं होती — डीव्हीडी. मी ती दोनदा वाचली. माझ्या घरच्या कम्प्युटरला नुसती सीडी वाचता यायची. आणि भाऊजींच्या त्या तबकडीवर, मधल्या भोकाजवळ, बारीक अक्षरात काय होतं? सीडी सीडी म्हणत होतो आम्ही सगळे. बघितलं कुणी होतं?

पारशिवनीला गेलो. तबकडी अंगणात होती. रिकामीच म्हणून सासऱ्यांनी पाखरं हाकलायला पेरूच्या झाडाला दोऱ्याने टांगली होती. उन्हात गरगर फिरत होती. जवळ जाऊन वाचलं. डीव्हीडीच होती.

तेव्हा सांगायचं ना? ताई दहा पावलांवर भांडी घासत होती. मी तिची पाठ वळायची वाट पाहिली, दोरा तोडला आणि ती पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात लावली. चालली. चित्र अडखळत होतं, पण आवाज स्वच्छ. भाऊजी कॅमेऱ्यामागे, त्यामुळे दिसत नव्हते; नुसते ऐकू येत होते. "इकडे पाह्य वं मिने. बाबाकडे पाह्य." ताई हसून तोंड लपवत होती. मग कॅमेरा हलला आणि भाऊजींचा चेहरा अगदी जवळ आला, अर्धा कापलेला. म्हणाले, "मिने, मोठी झाली का पाह्यजो हे. तुही माय कशी लाजून राहिली."

दारात शिपाई आला. मी झटकन बंद केलं. उद्या सांगू, म्हटलं.

संध्याकाळी ताईचा फोन. "सुधाकर, झाडावरची सीडी दिसत नाही रे. तू त नाही नेली? रिकामी असन त असू दे, त्यायच्या हातचं नाव हाये तिच्यावर. मले ठेवाची होती."

आणि मी म्हणालो, "नाही."

का? आजही मला नीट सांगता येत नाही. एक कॉपी करून 'दुरुस्त केली' म्हणालो असतो तर उलट शाबासकी मिळाली असती. तेव्हा सुचलं नाही. सुचली फक्त भीती — सासरे काय म्हणतील, ताई माझ्याकडे कशी बघेल. आणि एकदा 'नाही' म्हटल्यावर ती तबकडी माझ्या घरात चोरीच्या मालासारखी झाली. बायकोच्या हाती लागली तर?

मी ती गुडघ्यावर वाकवून मोडली. चंदेरी टवके उडून शर्टाला चिकटले. तुकडे कागदात गुंडाळून घराजवळच्या शुक्रवारी नावाच्या तलावात टाकले.

भीती काही बुडाली नाही. मिनी शिकली, नागपुरातच नोकरीला लागली. "मामा, एक विचारू?" असं ती म्हणाली की मी विषय बदलतो. या उन्हाळ्यात तिने विचारलंच. "मामा, तुमच्या त्या जुन्या कम्प्युटरमध्ये डीव्हीडी चालायची का? का नुसती सीडी?" हे सगळं ताईसमोर. मिनी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"दोन्ही चालायच्या," मी म्हणालो.

मिनीने मान हलवली. विश्वास ठेवला का, मला माहीत नाही. ताई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जाऊ दे वं. बाबानं भरलीच नसन. चेहरा फोटोत तरी हाये. आवाज मातर मले आता आठवत नाही त्यायचा. लई आठवून पाह्यते."

मला आठवतो.

मी चहा संपवला, कप आत नेऊन ठेवला आणि घरी आलो.