चौविहारचं दुसरं मशीन

आधीच सांगून टाकतो, भुतंखेतं, आत्मे, अंगात येणं यातलं मला काहीही पटत नाही. या सदरातले अनुभव मी जेवताना करमणूक म्हणून वाचतो आणि दर दुसऱ्या अनुभवाला मनात म्हणतो, "वायरिंग लूज असेल." त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसलोय याची थोडी लाजच वाटतेय... पण होऊन दोन वर्षं झाली, कुणाला बोललो नाही, आणि बोलायला घरात कुणी नाहीही. म्हणून इथे.

मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. एकटा राहतो. लग्न झालं होतं, टिकलं नाही, तो विषय वेगळा. ऑफिसातून आल्यावर वेळ खायला उठतो म्हणून मी लिनक्सच्या एका डिस्ट्रिब्युशनसाठी फुकट काम करतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी - लिनक्स फुकट मिळतं, आणि डिस्ट्रिब्युशन म्हणजे त्यासोबत बांधून दिलेलं हजारो प्रोग्रॅम्सचं गाठोडं. त्यातल्या प्रत्येक प्रोग्रॅमला पॅकेज म्हणतात आणि प्रत्येक पॅकेजचा जगात कुठेतरी एक सांभाळणारा असतो. हे सांभाळणारे कंटाळतात, नोकऱ्या बदलतात, कधी मरतातही. पॅकेज मग बेवारस पडतं. अशी पॅकेजेस हुडकून काढून टाकणं हे माझं काम. थोडक्यात, अतिक्रमण हटाव पथक.

काम पद्धतशीर चालतं. सांभाळणाऱ्याला एकेक महिन्याने तीन मेल जातात - "तुम्ही अजून हे पॅकेज बघताय का?" तिन्हीला उत्तर नाही आलं की पॅकेज यादीत लागतं, कुणी हात वर केला नाही की काढून टाकायचं. काढण्यापूर्वी मी एक पान हमखास बघतो. ज्यांनी परवानगी दिलीय ती मशीन्स इंटरनेटला जोडली की आठवड्यातून एकदा आपणहून कळवतात, माझ्यावर अमुक पॅकेजेस आहेत, त्यातली अमुक अलीकडे वापरली. नाव-गाव काही कळत नाही, फक्त आकडा. एखादं मशीन महिनाभर गप्प राहिलं की ते आकड्यातून गळतं. हे लक्षात ठेवा, कारण मीही नंतर पहिल्यांदा तिथेच बोट ठेवलं होतं.

आता बाईबद्दल. आमच्यात आईला बाई म्हणतात. आम्ही मूळचे राजस्थानातले जैन, पण पणजोबांपासून मंचरला. पेठेत कापडाचं दुकान, वर घर. वडील गेल्यावर बाई वर एकटी राहायची आणि खाली दुकान बबनराव बघायचे. ते महाळुंगे पडवळचे, तीस वर्षं आमच्याकडे, थोडी शेती सांभाळून रोज येऊन-जाऊन करणारे.

बाईचा चातुर्मासात चौविहार असायचा. म्हणजे सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही, दुसऱ्या दिवशी सूर्य उगवून वर येईपर्यंत. त्यासाठी सूर्यास्ताच्या वेळांचा छापील तक्ता भिंतीवर लावलेला. एका सुट्टीत मी सहज म्हणालो, "बाई, हा तक्ता मुंबईचा आहे. मंचर मुंबईच्या पूर्वेला. आपल्याकडे सूर्य चार मिनिटं आधी मावळतो."

बाईचा चेहरा असा उतरला की मला बोलून पश्चात्ताप झाला. इतकी वर्षं ती तक्त्यातल्या शेवटच्या मिनिटाला घोटभर पाणी पिऊन पच्चक्खाण, म्हणजे त्यागाचा नियम, घेत होती. म्हणजे इतकी वर्षं नियम रोज मोडत होता... दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. जणू सूर्य मीच लवकर बुडवला होता.

म्हणून मी तो प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं चौविहार. मंचरचे अक्षांश-रेखांश आतच घालून टाकले, दुसऱ्या गावाची सोयच ठेवली नाही. हौस म्हणून त्याचं पॅकेज करून डिस्ट्रिब्युशनमध्ये टाकलं आणि सांभाळणारा म्हणून माझं नाव लावलं. २००३ च्या सुमारास माझा जुना कॉम्प्युटर मंचरला नेला, फोनच्या लाईनवर मोडेम बसवला. बाईने सगळ्या पायऱ्या वहीत लिहून घेतल्या, अगदी "किर्र आवाज थांबेपर्यंत हात लावू नये" इथपर्यंत. संध्याकाळी मशीन लावायची, माझा मेल आलाय का बघायची, सूर्यास्ताची वेळ बघायची, पाणी प्यायची, बंद करायची. पॅकेजच्या पानावर आकडा यायचा, बसवलेली मशीन्स दोन, वापरलेली एक. दोनातलं एक माझं, चाचणीपुरतं. वापरणारी एकटी बाई. जगात आणखी कुणी ते कशाला घेईल?

२००५ च्या चातुर्मासात तिचा फोन आला.

"पारस, तुझं मशीन चुकतंय."

"काय चुकतंय?"

"मी गच्चीवर जाऊन बघितलं. मशीन म्हणतं अजून पाच मिनिटं आहेत, आणि सूर्य तर गेलेला असतो."

मी हसलो. "बाई, तो डोंगराआड जातो. पश्चिमेला भीमाशंकरची रांग आहे ना. खरा सूर्यास्त नंतरच होतो."

"डोंगराआड गेला म्हणजे माझ्यासाठी गेलाच की. मला कुठे दिसतोय तो?"

"शास्त्राने बघितलं तर..."

"शास्त्र राहू दे. तू एकदा ये आणि गच्चीवरून बघ."

पुढच्या शनिवारी येतो म्हणालो. गेलो नाही. मग दिवाळीत म्हणालो, तेव्हाही दीड दिवसात परत आलो आणि नेमकं त्या संध्याकाळी मित्राकडे कळंबला जाऊन बसलो. ती अधूनमधून फोनवर विचारायची, "बघायला कधी येतोस?" आणि मला वाटायचं, बाईला पाच मिनिटांचं किती पडलंय! तिला मिनिटांचं काही पडलं नव्हतं. तिला मी यायला हवा होतो. हे मला तेव्हा कळायला हवं होतं, कळलं नाही.

त्याच हिवाळ्यात ती गेली. दुपारी झोपली ती उठलीच नाही. बबनरावांचा ऑफिसात फोन आला, "पारसभाऊ, लगोलग निघा... बाई बोलत न्हाईत."

दिवसकार्य उरकल्यावर मी घर आवरलं. फोनची लाईन सरेंडर केली. मोडेम पुण्याला आणला, तो माझ्या टेबलाच्या खणात पडला. कॉम्प्युटर बबनरावांनी गोणपाटात गुंडाळून दुकानामागच्या खोलीत ठेवला. दुकान बंद केलं, किल्ली त्यांच्याकडे दिली. त्यानंतर मंचरला माझं जाणंच संपलं. पॅकेजकडेही मी बघितलं नाही, कुणी त्याबद्दल मेल टाकला तरी उघडवत नव्हता.

२००७ मध्ये पावसाळ्यानंतर बेवारस पॅकेजेसची नवी यादी माझ्यापुढे आली. त्यात चौविहार. सांभाळणाऱ्याने तीन मेलना उत्तर दिलेलं नाही. मेल आपोआप जातात, पण खाली सही माझी असते. म्हणजे मीच मला तीनदा विचारलं होतं आणि मीच उत्तर दिलं नव्हतं... एकटाच मोठ्याने हसलो. मग सवयीने आकड्यांचं पान उघडलं.

बसवलेली मशीन्स दोन. वापरलेली एक.

आधी वाटलं, जुना आकडा अडकलाय. पण गप्प मशीन महिन्यात गळतं आणि इथे तर बाईला जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती. मागच्या नोंदी काढल्या. ती गेल्यावर काही महिने आकडा एकच होता, तो मी. मग २००६ चा चातुर्मास लागला आणि आकडा दोन. कार्तिकी पौर्णिमेनंतर परत एक. २००७ च्या चातुर्मासात पुन्हा दोन.

मी स्वतःला समजावलं - असेल कुणी. मंचरमध्ये जैनांची घरं काय कमी आहेत? एखाद्या पोराने बघितलं असेल, आजीला लावून दिलं असेल. पण मग लिनक्स वापरणारं असं घर मंचरसारख्या गावात मला माहीत नसावं? असो. कुणीतरी वापरतंय म्हटल्यावर मला एक टोचणी लागली. पॅकेज काढायचं तर काढू, पण चुकीचं ठेवून नको.

पुढच्या रविवारी मंचरला गेलो. बबनरावांना घेऊन गच्चीवर उभा राहिलो. आभाळ स्वच्छ होतं. हातात घड्याळ, प्रोग्रॅमने दिलेली वेळ कागदावर. सूर्य रांगेच्या कडेला टेकला आणि बघता बघता गेला. कागदावरच्या वेळेला अजून पाच मिनिटं बाकी होती. बाई म्हणाली होती तितकीच.

बबनराव म्हणाले, "बाई रोज हितंच हुभ्या ऱ्हायच्या. खालनं मी हाक मारायचो, बाई, पाणी प्या, टाइम झाला. तर म्हनायच्या, थांब, पारस आला की इचारते, मग पिते."

"मग कधी प्यायच्या?"

"कवाकवा प्यायच्याच न्हाईत. तशाच ऱ्हायच्या, सकाळपातूर."

माझ्या पाच मिनिटांवर तिचा विश्वास नव्हता आणि आधी पिऊन मला खोटं पाडायचंही नव्हतं, म्हणून ती तहानलेली झोपत होती. मी गच्चीवर बसलो आणि रडलो. बबनराव खाली निघून गेले, शहाणा माणूस.

पुण्याला येऊन मी डोंगराची उंची धरून प्रोग्रॅम दुरुस्त केला, नवी आवृत्ती चढवली. ठरवलं, ही शेवटची, महिन्याभराने पॅकेज काढायचं. आठवड्याने पान बघितलं. त्यात एक रकाना नुकत्याच अपडेट झालेल्या मशीन्सचा असतो. तिथे दोन. म्हणजे त्या दुसऱ्या मशीनने माझी दुरुस्ती उतरवून घेतली होती. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्याच सुमारास दुकानाचा गाळा मोबाईलवाल्याला द्यायचा ठरला. मागची खोली रिकामी करायला परत मंचर. गोणपाट सोडलं. मशीन भंगारात द्यायचं, पण डिस्कवर बाईचे मेल असतील म्हणून एकदा लावून बघावं म्हटलं. भर दिवसा, अकरा-साडेअकराला, दार सताड उघडं, बाहेर पेठ वाहत होती. मशीन सुरू झालं. आतला सेल संपल्याने तारीख भलतीच, कुठल्यातरी जुन्या वर्षाची एक जानेवारी दाखवत होतं. मेल कॉपी केले. आणि हात शिवशिवले म्हणून चौविहारची आवृत्ती बघितली.

नवी होती.

मी तीनदा बघितली. प्रोग्रॅम चालवला. वेळ डोंगर धरून आली, पाच मिनिटं आधीची. तीन आठवड्यांपूर्वी पुण्यात माझ्या टेबलावर मी लिहिलेल्या ओळी त्या मशीनवर होत्या. कधी आल्या ते बघायला गेलो तर तारखेच्या जागी तीच एक जानेवारी.

"बबनराव, हे मशीन कुणी लावलं होतं?"

"कोन लावनार? किल्ली माज्याकडं. अन् खोलीत लाईट कुटं व्हती? मीटर बंदच व्हतं की, काल तर चालू करून घेतलं तुमी."

"कुणी फोनची वायर..."

"वायर तर म्याच गुंडाळून घरला नेली. कांद्याच्या चाळीत बलब लावलाय त्येच्यावर." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "काय झालं, भाऊ? काय दिसलं का?"

काही नाही म्हणालो.

मशीन भंगारात दिलं नाही, पुण्याला आणलं. तेव्हापासून ते माझ्या कपाटाखाली आहे, परत लावलेलं नाही. मोडेम खणातच होता, त्यावर धूळ होती. मी सगळं तपासलं - त्या दिवशी माझ्याजवळ सीडी नव्हती, पेन ड्राइव्ह होता तो कोरा होता, आणि त्याआधी ज्या रविवारी गच्चीवर गेलो तेव्हा तर दुरुस्ती लिहिलीच नव्हती. झोपेत मंचरला जाऊन आलो म्हणावं, तरी लाईट कुठून आणली?

आणि त्यानंतर पानावरचा आकडा एक झाला. २००८ चा चातुर्मास गेला, २००९ चा संपत आलाय. एकच. तो एक म्हणजे मी. वापरलेली मशीन्स शून्य. बाईला हवं ते मिळालं आणि ती निघून गेली, असं एकदा वाटतं. एकदा वाटतं, मीच गोणपाट सोडायला नको होतं. दोन चातुर्मास कुणीतरी रोज माझी वेळ बघत होतं, तेवढी सोबतही मी खात्री करायच्या नादात घालवली.

पॅकेज मी काढलेलं नाही. नियमाने काढायला हवं. एवढ्या लोकांची काढली, एकाचंही ऐकून घेतलं नाही. टीममधल्या एकाने विचारलं, हे कोण वापरतं? मी लिहिलं, मी बघतोय, राहू द्या.

खुलासा माझ्याकडे नाही. एकच शक्यता उरते की आकड्यातलं ते दुसरं मशीन खरंच मंचरच्या कुणाचं तरी असेल, दोन वर्षं वापरून त्यांनी सोडलं असेल, आणि कपाटाखालच्या मशीनचं जे आहे ते आहे. हे सदर तिकडे बरेच जण वाचतात म्हणे. त्या घरातलं कुणी वाचत असेल, तर माझा पत्ता संपादकांकडे आहे. पण एक हात जोडून विनंती... कृपा करून कळवू नका.