मातीचे मामंजी

माझ्या सासऱ्यांचा चेहरा मी लग्नानंतर चार वर्षांनी पाहिला, आणि तोही मातीचा.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमची धनगरांची वस्ती. तिथं सुनेनं सासऱ्यासमोर मान वर करायची नाही, हा रिवाज. मी मामंजींना पायांवरून ओळखायचे. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, टाचांना भेगा, आणि वर कुठंतरी उंचावर एक खोकला. मी किकवीची, चौथी शिकलेली, तोंडाची फटकळ. पण तो खोकला ऐकला की माझी बोबडी वळायची.

संस्थान विलीन झाल्यावर भोरात एका रिकाम्या कचेरीत डोंगरी लोकांच्या वस्तूंचं संग्रहालय उघडलं होतं. तिथले ड्रॉइंग मास्तर आमच्या वस्तीवर येऊन गेले. दोन दिवस मामंजींना खडकावर बसवून त्यांनी कागदावर काय काय गिरवलं, आणि जाताना मामंजींचं जुनं घोंगडं, काठी आणि पागोटं मागून नेलं. पुढं निरोप आला, बघायला या. माझे मालक सकाळीच मेंढरांमागे गेलेले. म्हणून मामंजी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी असे तिघं निघालो. कापूरहोळला एसटी बदलून भोरला पोचेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं.

आत दोरी बांधलेली. दोरीपलीकडं रवी, पाटा, गजीढोल. कोपऱ्यात कुणीतरी उभं होतं. सवयीनं माझी नजर आधी पायांकडं गेली. करंगळी बोटावर चढलेली! मी चटकन पदर ओढला आणि मान खाली घातली. मग ध्यानात आलं की मामंजी तर माझ्या मागं, दारात, वहाणा हातात घेऊन उभे आहेत. पुढं मामंजी, मागं मामंजी. आता बाईनं बघायचं कुठं? मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. तिथं भाले टांगलेले होते.

"भाल्यांची आवड दिसते ताईंना," संग्रहालयाचा राखणदार कौतुकानं म्हणाला.

एवढ्यात आत्याबाईंनी हंबरडा फोडला. आमच्यात माणूस गेल्यावरच त्याचं रूप करतात. चांदीच्या पत्र्यावर उठवून त्याचा टाक देव्हाऱ्यात बसवतात. जित्या माणसाचं रूप करायची रीतच नाही. आत्याबाईंचा हात थेट कपाळाच्या कुंकवावर गेला.

"आजी, इथं मोठ्यानं रडायचं नाही."

"माजा धनी मारून हुबा क्येलाय, आन् म्या रडू न्हाई व्हय?"

"अहो, ते तर तिथं उभे आहेत."

"म्हून तर रडतीय!"

मास्तरांनी घडवलेल्या त्या मातीच्या पुतळ्याच्या छातीजवळ एक पाटी होती. आत्याबाई मला म्हणाल्या, "तू शिकल्याली हाईस. वाच काय लिवलंय ते."

"कशी वाचू? मामंजी हायती की समोर."

हे त्यांना पटलं. त्यांनी मामंजींना बाहेर जायला सांगितलं. ते गेले. मातीचे मात्र हलेनात. शेवटी राखणदारानं स्वतःच्या खांद्यावरचा पंचा त्यांच्या तोंडावर टाकला, तेव्हा मी वाचलं : "डोंगरातील धनगर. अशी माणसे आता फारशी उरलेली नाहीत."

बाहेरून खोकला आला. "उरली न्हाईत? मग सकाळी मेंढरं कुनी सोडली?"

पुतळा काढा, असं आत्याबाईंचं म्हणणं. नोंद झालीय, वरून हुकूम आल्याशिवाय हलवता येणार नाही, असं राखणदाराचं.

"मग ह्येला दुसरा मानूस करा. मिशा काडा. माज्या धन्याला बिनमिशीचा कदी कुनी बघितला न्हाई."

राखणदारानं वही उघडून पाहिली. मिशांची वेगळी नोंद नव्हती. मास्तरांना शाळेतून बोलावून आणलं. बिचारे रडवेले झाले, पण आत्याबाई पुढ्यात ठाण मांडून बसलेल्या. मास्तरांनी सुरी घेतली, पंचा बाजूला केला, आणि मी विसरून वर पाहिलं.

तो माणूस हसण्याच्या बेतात होता. डोळे बारीक, मिशीखाली ओठाचा एक कोपरा वर गेलेला, कुणाची तरी थट्टा करणार असा. चार वर्षं मी भ्याले ते याला? मला आधी हसू आलं, आणि मग त्या रिवाजाचा असा संताप आला की भिंतीवरचा एखादा भाला घ्यावा असं वाटलं. तोवर सुरी फिरली. मिशा गेल्या, त्यांच्याबरोबर तो कोपराही गेला, आणि घोंगडं पांघरलेला कुणी परका माणूस उभा राहिला. आत्याबाईंनी डोळे पुसले आणि मास्तरांना दुवा दिला.

घरी माझी मान खालीच राहिली. पण त्या खोकल्याला मी पुन्हा भ्याले नाही.

पाच-सहा वर्षांनी मामंजी तापानं गेले. त्यांचा टाक केला, पण टाकावर सगळेच सारखे दिसतात. डोळे म्हणजे दोन टिंबं. घरात फोटो असा कुणाचाच नव्हता. आत्याबाई रोज टाक उचलून उजेडात धरायच्या आणि परत ठेवायच्या. एक दिवस म्हणाल्या, "भोरला चल."

राखणदार तोच होता. पाटीही तीच. आत्याबाईंनी त्या परक्या माणसाचा बोडका ओठ बघितला.

"म्याच घालवलं गं," त्या म्हणाल्या.

मग दोरी ओलांडून आत गेल्या. घोंगड्याची काळी लोकर चिमटीनं उपटली, बोटांत पिळली आणि मातीच्या ओठावर धरली. राखणदार ओरडायला पुढं आला, पण खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. मी पदर ओढून मान खाली घातली होती.

"वर बघ," आत्याबाई म्हणाल्या. "तू बी बघून घे. आता न्हाई कुनी काई म्हनायचं."

मी वर पाहिलं. आत्याबाईंचा हात थरथरत होता. त्यामुळं मिशी हलत होती, आणि मामंजी हसतायत असं वाटत होतं.