बबनकाकांना सांगितलेला शेवट

प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना भाव करता येत नाही.

हे मी अधिकाराने सांगते. चाकणजवळ निघोज्यात माझं कॅन्टीन आहे. एक स्टोव्ह आणि दोन पातेली घेऊन सुरू केलेलं. आज शेजारपाजारच्या कंपन्यांच्या शिफ्टा माझ्या हातचं जेवतात. पहिल्या शिफ्टची जेवणं उरकली की दुसरीची कणीक भिजेपर्यंत मला जरा उसंत मिळते. त्या वेळात मी कादंबऱ्या वाचते. पुरवठा माझी भाची पल्लवी करते, आणि "मावशी, कशी वाटली?" असं विचारायची चूकही तीच करते.

कशी वाटणार? हिरो ऐन पंचविशीत कंपनीचा मालक. कंपनी कसली, ते लेखिकेलाही ठाऊक नसतं! दिवसभर हा खिडकीपाशी उभा राहून आभाळ बघतो. (आमच्या चाकणला मालक असा उभा दिसला, तर गेटवर युनियनवाले आलेत असं समजतात.) हिरोईन पुस्तकभर नुसती कॉफी पिते. पोळी नाही, भात नाही, पण हिंडायला ताकद भरपूर! साडी घ्यायला गेली तर पहिल्या भावात घेऊन मोकळी. आणि मधल्या पानांत दोघांचा गैरसमज होऊन जो रुसवा सुरू होतो, तो काही केल्या संपत नाही. अगं बाई, पर्समध्ये फोन आहे ना? लाव की!

"मावशी, तिनं फोन लावला तर कादंबरी तिथंच संपेल," पल्लवी म्हणायची.

"संपू दे की. तेवढीच झाडं जगतील."

या पल्लवीनं स्वतःचं लग्न स्वतः जमवलं. मुलगा अक्षय, चिखलीचा, तिच्याच कंपनीत क्वालिटीला. घर जुन्या गावठाणातलं, माणसं भली. राहिल्या होत्या फक्त याद्या, म्हणजे दोन्हीकडची वडीलधारी माणसं समोरासमोर बसून लग्नात कुणी काय करायचं ते कागदावर उतरवतात ती बैठक. अशा कामाला आमच्याकडून मला नेतात. कारण अक्का, म्हणजे पल्लवीची आई, दुकानदारानं भाव सांगितला की "बरं" म्हणते. आणि दाजी तर "थँक्यू" म्हणतात!

माझी पद्धत साधी आहे. पटलं नाही की उठायचं. माझ्या मागोमाग आमचं सगळं खटलं उठतं. पिंपरी कॅम्पातल्या दुकानांत नेऊन नेऊन मी त्यांना तसं तयारच केलंय. पायरी उतरेपर्यंत मागून हाक येते, "ताई, या हो, बसा!" आली नाही, असं कधी झालेलं नाही.

चिखलीला मुलाकडून बोलायला बसले होते त्याचे काका. बबनकाका. जमिनीचे व्यवहार करणारा माणूस. पांढरीशुभ्र टोपी, आणि चेहऱ्यावरची रेघ हलेल तर शपथ! मी बघताक्षणी ओळखलं, हा आपल्यातलाच.

खर्च निम्मा-निम्मा, हे पोहे यायच्या आत ठरलं. हॉल ठरला. तिथी ठरली. मग मी म्हटलं, "जेवण माझ्याकडे."

बबनकाकांनी चहाची बशी खाली ठेवली. "न्हाई ताई. जेवनाला आमचा आचारी हाय."

"असू दे ना. त्यालाही जेवायला बोलवू."

दाजी हसले. बबनकाका हसले नाहीत.

"त्याचं काय हाय," ते शांतपणे म्हणाले, "आमचं पाव्हणं लांबलांबून येत्यात. कॅन्टीनचं जेवान न्हाई चालायचं त्यान्ला."

कॅन्टीनचं जेवण! (हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. विसरणारही नाही.) माझ्या वाटाण्याच्या उसळीचा दिवस असला की माणसं ओव्हरटाइम मागून घेतात, आणि हा गृहस्थ मला सांगतो कॅन्टीनचं जेवण! मी उठले.

मी उठले म्हणून अक्का उठली. दाजी तोंडातल्या घासासकट उठले. आणि सवयीनं, अगदी नकळत, नवरी मुलगीसुद्धा उठली! बघता बघता आम्ही सगळे दारातल्या गाडीत जाऊन बसलो.

मी काच खाली घेतली. हाक ऐकू यायला नको का?

हाक आली नाही.

"मावशी," पल्लवीचा आवाज चिरकला, "आपण माझं लग्न मोडून बाहेर आलोय का?"

"गप्प बस. बोलावतील आता."

"आणि नाही बोलावलं तर?"

"बोलावतात. नेहमी बोलावतात."

"ते साडीवाले बोलावतात! ही माझ्या सासरची माणसं आहेत!"

तिचे डोळे भरून आले होते. तेव्हा पहिल्यांदा मला सगळं दिसायला लागलं. बबनकाकाही आत वाटच बघत बसले असणार. जमिनीच्या व्यवहारात जो आधी बोलतो तो बुडतो. ते बोलावणार नाहीत, मी जाणार नाही, आणि मधल्या मध्ये या पोरीचं लग्न लटकणार!

"मावशी, तू फोन लाव त्यांना," पल्लवी म्हणाली. "कादंबरीतल्या पोरींना तर रोज सांगतेस."

"त्या पोरींचं सोड. इथे फोन केला की आपला भाव पडतो!"

तेवढ्यात देव पावला. माझी पिशवी आत राहिली होती. (विसरून! उगाच शंका घेऊ नका.)

"दाजी, तेवढी पिशवी आणा," मी म्हटलं, "आणि आत वारं कसं आहे ते बघून या."

दाजी गेले ते परत आलेच नाहीत. त्यांना आणायला अक्काला धाडलं. थोड्या वेळानं खिडकीतून अक्का दिसली. तिच्या हातात चहाचा कप होता! "थांब, मीच आणते दोघांना," असं म्हणून पल्लवी उतरली आणि पायऱ्या अशी धावत चढली, की ती परत येणार नाही हे मला इथूनच कळलं.

गाडीत मी एकटी. वर ऊन. पलीकडच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरचा कर्रकर्र आवाज. आणि घरातून हसण्याचे आवाज. माझ्याशिवाय!

शेवटी दारात ती पांढरी टोपी दिसली. बबनकाका! स्वतः! मी पदर सारखा केला, चेहरा कडक केला, मनात अटी जुळवल्या. ते काचेपाशी आले. त्यांच्या हातात माझी पिशवी नव्हती. पिशवीतली कादंबरी होती, मध्ये बोट घालून धरलेली.

"ताई," ते इकडेतिकडे बघत खालच्या आवाजात म्हणाले, "तुमची वाट बघत व्हतो, तवर सहज उघडली. ही पोरगी येडी हाय का? सरळ फोन का लावंना त्याला?"

मी थक्क झाले. "मी कधीची तेच म्हणतेय!"

"आन् ह्यो मालक! कंपनी वाऱ्यावर सोडून बागंत काय फिरतोय?"

"हो ना!"

"पर म्होरं व्हतं का वं लगीन त्यांचं? अक्षर लई बारीक हाय, माझं डोळं दुखाया लागलं. शेवट सांगा तेवढा."

समोरच्याची गरज दिसली की माझ्या अंगात वेगळंच बळ येतं. "आधी जेवणाचं बोला," मी म्हटलं.

त्यांनी टोपी मागं सरकवली, मोठा उसासा टाकला. "बरं. जेवान तुमचं. घ्या."

इतक्या सहज? तिथंच मला शंका यायला हवी होती. पण मी दुसऱ्याच पेचात होते. तो शेवट मलाही माहीत नव्हता! मधला रुसवा सुरू झाला की मी संतापून पुस्तक मिटते. खरं सांगायचं, तर एकाही कादंबरीचं शेवटचं पान मी आजवर पाहिलेलं नाही. पण सौदा झाला होता, माल पोचवणं भाग होतं. मी जागच्या जागी शेवट रचला.

"मग काय होतं, मुलाचा काका येतो. म्हणतो, पोरी, चूक माझीच झाली. तिच्या मावशीचे पाय धरतो. मावशी मोठ्या मनानं माफ करते. मग थाटात लग्न होतं, आणि जेवण असं होतं की पंगतीतून कुणी उठायलाच तयार नाही!"

बबनकाकांनी पुस्तकाची पानं मागंपुढं चाळली. "काका हाय व्हय ह्याच्यात? मला न्हाई कुटं गावला."

"शेवटी येतो. एकदम."

मी ताठ मानेनं घरात शिरले आणि जाहीर केलं, "जेवण माझ्याकडे! काकांनी कबूल केलंय!"

अक्षयनं पल्लवीकडे बघितलं. पल्लवीनं दाजींकडे. दाजींनी चहाच्या कपात.

"मावशी," पल्लवी हळूच म्हणाली, "जेवणाचं मघाशीच ठरलं. त्यांचा आचारी नाही आणि तुझं कॅन्टीनही नाही. तिसराच केटरर. तू आणि काकांनी त्या दिवशी फक्त दारात उभं राहायचं आणि गुलाबपाणी शिंपडायचं. तू गाडीत होतीस, काका पुस्तकात होते, म्हणून सगळं पटापट उरकलं बघ!"

मी गर्रकन मागे वळले. "काका! तुम्हाला हे माहीत होतं?"

"व्हय."

"आणि तरी 'जेवण तुमचं, घ्या' म्हणालात? हातात नसलेला माल मला विकलात?"

"आन् तुमी?" खुर्चीत टेकत बबनकाका म्हणाले. "असला बावळट शेवट कुणी छापतं व्हय, ताई?"

पल्लवीचं लग्न झकास झालं. मी जन्मात रचलेली प्रेमकथा मात्र ती एवढीच, आणि तिला वाचकही एकच मिळाला. आता तो सोयरा आहे, सणावाराला भेटतो, आणि दर वेळी चारचौघांत मोठ्यानं विचारतो, "काय ताई, आणिक काय लिवलं का न्हाई?"