बक्षिसाच्या साड्या

एलिक्कुट्टी गिरणीतल्या लोकांच्या पहिल्यांदा लक्षात राहिली ती थुंकताना. एका व्यापाऱ्याने पुढे केलेला खोबऱ्याचा तुकडा तिने चावला, तोंड वेडंवाकडं केलं आणि त्याच्या चकचकीत बुटांशेजारी थुंकून म्हणाली, "बुरशी लपवायला गंधकाची धुरी दिलीय. तुझ्या सासूला खायला घाल!" थोरल्या मालकांनी तिला त्याच दिवशी खरेदीवर नेमलं.

त्रिशूरजवळची ती तेलगिरणी साबणवाल्यांना तेल विकायची. तिथे स्वस्त घेईल तो हुशार. सगळ्यांत कमी भावात खोबरं आणणाऱ्याचा ओणमला सत्कार व्हायचा. मालातली खोट काढून भाव पाडणाऱ्या एलिक्कुट्टीच्या कपाटात बक्षिसाच्या सोनेरी काठाच्या साड्यांची चळत लागली होती.

पुढे धाकटे मालक जोजो आले. त्यांनी साबणवाल्यांना रामराम ठोकला आणि तान्ह्या बाळांच्या मालिशीचं तेल काढलं. काचेची बाटली, वर गुबगुबीत बाळ, किंमत चौपट. सगळं बदललं, ओणमचं बक्षीस मात्र सगळ्यांत स्वस्त आणणाऱ्यालाच राहिलं. ते बदलायचं कुणाला सुचलंच नाही.

एलिक्कुट्टी आता उन्हात वाळवलेलं महाग खोबरं घेऊ लागली. तिच्या हाताखालच्या लोनप्पनने मात्र ओणमच्या तोंडावर स्वस्तातला ट्रक आणला. खोबरं दुधासारखं पांढरं. तिने पोतं उघडलं आणि गंधकाने डोळे चुरचुरले. आत बुरशीचा आंबूस दर्प.

तिची सही झाल्याशिवाय माल घाण्यावर जात नसे. ती जोजोंकडे गेली.

"हे बाळांच्या अंगाला चोळणार?"

"चेची," थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारत जोजो म्हणाले, "तेल गाळलं की वास जातो."

"वास जातो रे. अंगावर पुरळ उठलं तर तेही गाळणार का?"

"लोनप्पनने केवढी बचत केली ते बघा ना!"

"मग बाटलीवर साबणाची वडी छाप. विकायचं बाळाचं आणि घ्यायचं साबणाचं?"

जोजो हसले. "यंदा साडी हुकली म्हणून एवढा राग होय?"

त्या हसण्याची तिला पोत्यातल्या बुरशीहून जास्त किळस आली. तिने सही केली नाही. दुसऱ्या दिवशी सहीचा अधिकार लोनप्पनकडे गेला आणि ट्रक घाण्यावर. ओणमला लोनप्पनला सोनेरी काठाचं धोतर मिळालं. टाळ्या चालू असतानाच ती फाटकाबाहेर पडली, ती परत गेली नाही.

हल्ली ती गावातल्या बाळंतिणींसाठी स्वतःच्या अंगणात खोबरं वाळवते. कावळ्यांनी चोच मारू नये म्हणून त्यावर त्या बक्षिसाच्या साड्या पसरते.