पंप तपासला, असं लिही

"ट्रे हिच्या हातात द्या. हिला घरचाच सराव आहे."

साहेब असं बोलले तेव्हा मी त्याच खोलीत फरशी पुसत होते. वणीकडच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली मी झाडूपोछा करते, उभी हयात त्यातच गेली. अन् जिच्या हातात ट्रे दिला ती माझी नात, सुजाता. यवतमाळला इंजिनिअरिंग शिकते. त्यांच्या कॉलेजात आता असं आहे बाप्पा, सहा महिने वर्ग अन् सहा महिने कारखान्यात पगारी काम. त्या कामाचेही मार्क. ती नेमकी आमच्याच कारखान्यात आली. मी किती मिरवलं! गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांना सांगत सुटले, माझी नात आहे म्हणून.

तीच माझी चूक. साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी तिला आडनाव विचारलं, आमची वस्ती विचारली, अन् हसले. दुसऱ्या दिवसापासून तिच्यासोबत कॉलेजातून आलेली दोन पोरं पंपाच्या दुरुस्तीवर, ही चहावर.

ट्रे घेऊन तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. खोटं कायले सांगू, फडकं पिळत बसले. वरून घरी येऊन तिलाच शिकवलं, "गप राह्य माय. सहा महिने तं हायेत."

गप राहिली पोरगी.

तिची एक डायरी असते. रोज काय काम शिकली ते लिहायचं, शनिवारी साहेबांची सही घ्यायची. सही नाही तर सहा महिने बाद. मी शाळेत गेले नाही. कारखान्यातल्या पाट्या पुसता पुसता अक्षरं शिकले. 'धोका'. 'हात लावू नका'. पण डायरी इंग्रजीत. एका रविवारी म्हटलं, वाचून दाखव. तिनं वाचलं : सोमवारी पंप तपासला. मंगळवारी मोटरचं बेअरिंग बदललं. मी हरखले. म्हणजे शिकवतात तर!

"नाही आजी. साहेब सांगतात तसं लिहिते. मी चहाच देऊन राह्यली."

मग हळूच म्हणाली, "पास होईन मी. पण पंप खोलता येनार नाही."

उद्या नोकरीत कोणी हिच्या हातात पाना देईल. हिला जमणार नाही. तेव्हा हेच लोक म्हणतील, पाहा, यांना कुठं काही येतं? ट्रे देणारा कोणाला आठवणार नाही. अन् खाली पाहणारी आजीही नाही.

पुढच्या शनिवारी तिनं खरं लिहून नेलं. सहाही दिवस एकच ओळ : चहा दिला, टेबल पुसलं. साहेबांनी डायरी भिरकावली, ती मी पुसत होते त्या फरशीवर पडली. सही मिळणार नाही म्हणाले.

मी फडकं बादलीत टाकलं. डायरी उचलली.

"मी करतो सही. रोज मी इथंच होती. माह्या डोयानं पायलं."

"झाडूवालीची सही कॉलेजात चालते का गं?"

मी त्यांच्याच टेबलावरचं पेन घेतलं. सहा ओळींखाली सहा वेळा नाव लिहिलं, मराठीत, मोठ्या अक्षरात.

ठेकेदारानं मला घरी बसवलं. डायरी पाहून कॉलेजवाले म्हणतात, बघू. बघा म्हणावं. मी रोज पहिल्या एसटीनं यवतमाळला जाऊन त्यांच्या दारात बसते, सुजाताला दुसऱ्या कारखान्यात पाठवत नाहीत तोवर सोडत नाही. अन् तिला सांगून ठेवलंय, वर्ष गेलं तरी चालेल. तुझ्या हातानं पंप खोलल्याशिवाय त्या डायरीत पंप हा शब्द येणार नाही.